हनुवटी खाली, मग घोट

१६ नोव्हेंबर

आजपासून लिहायला सुरुवात करतो आहे. कारण सरळ आहे, मी बोललेलं कोणाला कळत नाही. दिवाळीनंतर लकवा मारला आणि डावी बाजू ढिली पडली, तिच्यात जीभही आली. काल मी म्हटलं, "वनमाला, पंखा बंद कर," तर बायकोने उशी आणून दिली. उजवा हात शाबूत आहे, आणि कागदावर माझी जीभ अडखळत नाही.

दवाखान्यातून ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी आलो, पण नाकात नळी घेऊन. हिच्यातून दूध, डाळीचं पाणी, औषध, सगळं पिचकारीने आत जातं. याला जेवण म्हणायचं असेल तर स्कूटरसुद्धा पेट्रोल पंपावर जेवते.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली, त्यामुळे डॉक्टरांनी दुखणं समजावलं ते लगेच कळलं. घशातून दोन लायनी निघतात, एक पोटाची आणि एक फुप्फुसाची. गिळताना फुप्फुसाच्या लायनीवरचा व्हॉल्व्ह बंद व्हायला पाहिजे. माझा उशिरा बंद होतो. गिळणं सुधारलं तर नाकातली नळी निघेल, नाही सुधारलं तर पोटाला भोक पाडून तिथे नळी बसवतील. मुलगा शिशिर म्हणतो, "बाबा, परमानेंट थोड़ी है, टेंपररी है." मी सरकारी नोकरी केली आहे. टेंपररी कामं किती टिकतात ते मला माहीत आहे.

मला तोंडाने जेवायचं आहे. बाकी चालणं-बोलणं सावकाश आलं तरी चालेल.

१८ नोव्हेंबर

गिळणं शिकवणारी मुलगी आली. अनुश्री नाव, वडील रेल्वेत होते, मूळची मंडळी गोंदियाकडची. मला वाटलं होतं औषध देईल. तिने आधी मला ताठ बसवलं, पाठीला उशा लावल्या आणि टॉर्च घेऊन तोंडात डोकावलं.

"काका, जीभ बाहेर. आता डावीकडे. आता गाल फुगवा. आता जोरात खोकून दाखवा."

मग लांब 'अ' म्हणायला लावलं. मग एक चमचा पाणी दिलं आणि माझ्या गळ्यावर बोटं ठेवून बसली. मी गिळलं. ठसका नाही, काही नाही. मी वनमालाकडे विजयाने पाहिलं. अनुश्री म्हणाली, "परत 'अ' म्हणा." मी म्हटलं. ती म्हणाली, "आवाज ओला येऊन राहिला, काका. पाणी तिथंच वर थांबलं आहे." नळाचा आवाज ओला असतो हे मी ऐकलं होतं, माणसाचा पहिल्यांदाच ऐकला.

पातळ काहीही तोंडाने द्यायचं नाही, असं ठरलं. पाणी नाही, चहा नाही. घट्ट केलेल्या पदार्थांचे चमचे दिवसातून थोडे थोडे द्यायचे, सरावापुरते. दात दोन वेळा घासायचे. मी म्हटलं, खात नाही तर दात कशाला घासू? हे वाक्य नेमकं तिला कळलं. तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत जाते, म्हणाली. मुलगी हुशार आहे, पण जरा जास्तच घाबरट आहे.

२२ नोव्हेंबर

डब्यातली पांढरी पावडर पातळ पदार्थात घालायची, म्हणजे तो घट्ट होतो. वनमालाने आज चहात घातली. चहा चमच्यावरून हलायला तयार नव्हता. वर्षानुवर्षं ज्या पेयावर जगलो त्याचा खळ होताना पाहिला. मी तोंड फिरवलं.

"काहून तोंड वाकडं करून राहिले तुम्ही?"

तोंड लकव्याने वाकडं झालं आहे, असं मी सांगणार होतो, पण तेवढं लांब वाक्य तिच्यापर्यंत पोचलं नसतं.

संध्याकाळी शेजारच्या मीराबाई पसिया घेऊन आल्या. भात शिजल्यावर काढलेलं दाट पाणी, मीठ घातलेलं. "पसिया पी लव भैया, ताकत आही." प्यायलं की ताकद येईल म्हणे. अनुश्रीला फोन करून विचारलं. तिने व्हिडिओवर चमच्यातून ओतून दाखवायला सांगितलं, दाटपणा पाहिला आणि हो म्हणाली. मला आवडलं. पावडरीच्या चहापुढे ते अमृतच होतं.

वनमाला आजकाल दुपारी मीराबाईंकडे जाऊन बसते. इतकी वर्षं तिला शेजारच्या गप्पांची कधी हौस नव्हती. नवरा आजारी पडला की बायकांना मैत्रिणी सुचतात असं दिसतं. परत येते तेव्हा पदराला फोडणीचा वास असतो. आमच्या स्वयंपाकघरात मात्र मी आल्यापासून फोडणी पडलेली नाही. मीराबाईंचा स्वयंपाक उशिरा होत असावा.

२७ नोव्हेंबर

दवाखान्यात नाकातून बारीक कॅमेरा घालून गळ्याची तपासणी झाली. एका नाकपुडीत नळी, दुसरीत कॅमेरा. शिंक आली असती तर काय झालं असतं ते देवच जाणे. हिरव्या रंगाचं दही भरवलं, ते बरोबर गेलं. मग हिरवं पाणी दिलं. पडद्यावर दिसलं की मी गिळायच्या आधीच ते घरंगळत फुप्फुसाच्या लायनीत थोडं उतरलं.

"ठसका आला का, काका?"

"नाही."

"हीच भानगड आहे. पाणी चुकीकडे जाऊन राहिलं अन् तुमच्या गळ्याला पत्ता नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. गळा माझा होता असं सगळे म्हणतात. मला तर काही जाणवलं नाही.

पण दही जातं आहे, म्हणून परवा नळी काढणार. घट्ट आणि मऊ खायचं, बसून, लहान घास, मान जरा पुढे. आज रात्रभर मी मेनू ठरवणार.

२९ नोव्हेंबर

नळी निघाली. नाकाला वारा लागला.

तोंडाने जेवलो. घोटलेली खिचडी, वर तूप. वनमाला चमचा भरवताना स्वतःचंही तोंड उघडत होती, शिशिर लहान असताना उघडायची तसं. मला रडू आलं. लकव्यानंतर रडू पटकन येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी हे खिचडीचंच होतं.

४ डिसेंबर

जेवण झालं की वनमाला गालात बोट घालून तपासते. घोर अपमान आहे. आज डाव्या गालात सकाळचा शिरा सापडला. मला त्याचा काहीच पत्ता नव्हता. कोणी ठेवला असेल कोण जाणे.

अनुश्रीने जिभेचे व्यायाम दिले आहेत. जीभ टाळूला दाबून जोरात गिळायचं. आरशासमोर करतो. आरशातला म्हातारा मला वेडावून दाखवतो आहे असं वाटतं, पण तोही मेहनत करतो.

तक्रार एकच आहे, तहान. पसिया, घट्ट ताक, घट्ट पाणी, सगळं पोटात जातं, पण तहान घशातच राहते.

७ डिसेंबर

आज एक शास्त्रीय प्रयोग केला. वनमाला मीराबाईंकडे गेली होती. तिच्या खाटेजवळ तिचा पाण्याचा तांब्या असतो. काठी टेकत गेलो, तांब्या उचलला आणि मान मागे टाकून वरून सरळ धार घशात सोडली. लहानपणी आईने शिकवलं, भांड्याला ओठ लावायचा नाही, ते मी आयुष्यभर पाळलं. पाण्याच्या लायनी तपासत भनपुरी-सिलतऱ्यापर्यंत गावोगाव हिंडलो, कुणाच्याही घरी पाणी प्यायलो, पण वरूनच. आजही तिचा तांब्या उष्टा केला नाही.

गार पाणी. घोट उतरला तसा सगळा मी जागा झालो.

आणि ठसका? एकही नाही. अनुश्रीचा हिरवा सिनेमा खोटा ठरला.

९ डिसेंबर

प्रयोग रोज यशस्वी होतो आहे. थंडी मात्र या वर्षी लवकर पडली. संध्याकाळी अंगात कणकण असते. शिशिर म्हणतो त्याला पंखा लागतो. तरुण रक्त.

११ डिसेंबर

वनमाला म्हणते माझा आवाज घोगरा झाला, गुळण्या करताना बोलतो आहे असा येतो. दुपारपासून ताप आहे. अनुश्री धावत आली. "काकू, पातळ काही दिलं काय?"

"देवाशप्पथ नाही," वनमाला म्हणाली. "पाण्याचा थेंब नाही."

अनुश्री माझ्याकडे वळली. मी डोळे मिटले. ताप असला की माणसाला डोळे मिटावे लागतात. मला वाटतं रोजच्या त्या घोटलेल्या भाजीचाच हा परिणाम आहे.

१७ डिसेंबर

पुन्हा दवाखाना. छातीत जंतू शिरले आहेत. सलाइन, इंजेक्शन, आणि नळी परत नाकात आली. आज हातात पेन धरवतो आहे.

सकाळी डॉक्टर शिशिरशी दारात बोलत होते. घट्ट अन्नही छातीत जात असणार, आता वाट पाहण्यात अर्थ नाही, पोटाच्या नळीचं पुढच्या आठवड्यात करून टाकू. शिशिर आत आला आणि माझ्या पायावरचं पांघरूण उगाच नीट करत बसला. "चलता है बाबा," म्हणाला. मग बाहेर गेला.

मला भीती वाटली. मरणाची नाही. सगळे पाटावर बसले आहेत, आणि मी खाटेवर पोटाची नळी सांभाळत त्यांना विचारतो आहे, भाजी कशी झाली. त्याची भीती वाटली.

पाण्याचं मी कोणालाच सांगितलं नाही. ठसका लागलाच नव्हता तर सांगायचं काय?

१९ डिसेंबर

आज जे झालं ते लिहिताना हसू येतं आणि लाजही वाटते.

ताप उतरला म्हणून अनुश्री सरावाला आली. चेहरा पडलेला होता. म्हणाली, "दही गेलं, खिचडी गेली, तुमचा गळा सुधारून राहिला होता, काका. मले समजतच नाही काय चुकलं." दर वेळी ती स्वतः चमच्याने भरवते. आज तिने घट्ट पाण्याचा स्टीलचा पेला माझ्या हातात दिला. "घरी पिता तसं प्या. मी नुसती पाहते."

मी पेला घेतला, मान मागे टाकली आणि पेला वर धरून वाकडा केला.

घट्ट पाणी धार धरत नाही. ते आधी आलंच नाही. मग आलं ते एकदम, एका गोळ्यात, माझ्या नाकावर. तिथून मिशीत आणि नळीवर. शेजारच्या खाटेवरचा माणूस आपलं दुखणं विसरून हसला.

अनुश्री हसली नाही. टॉवेल हातात तसाच धरून म्हणाली, "काका, तुम्ही नेहमी असं पिता?"

"असंच पितात आमच्याकडे सगळे," वनमाला म्हणाली. "ओठ कोण लावते भांड्याले?"

"काकू, मान अशी मागे टाकली की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. धड गळ्याच्या माणसाले चालते. यांच्या छातीत सरळ धार जाईल." मग टॉवेल मला देत म्हणाली, "मीच विचारायला पाहिजे होतं. माह्या डोक्यातच आलं नाही. पण घट्ट पाणी तर असं पिताच येत नाही. मग घरी काय पीत होते हे?"

वनमाला माझ्याकडे पाहू लागली. तिचं पाहणं मी ओळखतो, ती मनात भांडी मोजत होती.

"माह्या तांब्यातलं पाणी दुपारी कमी व्हायचं," ती हळू म्हणाली. "मले वाटलं शिशिर प्यायला."

मी डोळे मिटले. या वेळी ताप नव्हता.

२० डिसेंबर

वनमाला बोलत नाही. नळीतून दूध देते, तोंड पुसते, दात घासते, पण बोलत नाही. बोलली ते रात्री, दिवा मालवायच्या आधी, एकदाच. "दिवसभर राखण करून राहिली मी. अन् तुम्ही माह्याच तांब्यातून." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "चुकलं." तिला कळलं की नाही माहीत नाही.

२२ डिसेंबर

अनुश्री डॉक्टरांशी माझ्यासमोरच बोलली. घशाने दगा दिला नाही, सर, पाणी वरून गेलं. दोन आठवडे द्या, मग पुन्हा कॅमेरा लावू. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "और पानी पिया तो?"

मी कान पकडले, एकच, कारण डावा हात वर जात नाही. डॉक्टर हसले. पोटाची नळी पुढे ढकलली. पण हा शेवटचा मोका आहे, हे सगळ्यांना कळलं. मलाही.

वनमाला म्हणाली, "तांब्या मी मीराबाईकडे ठेवून आली." बोलली, म्हणून मला तांब्याचं वाईट वाटलं नाही.

२६ डिसेंबर

घरी आलो. नाकात नळी आहेच, पण सरावाला घट्ट पाणी कपातून घ्यायचं आहे. हनुवटी छातीकडे, कपाला ओठ, लहान घोट, जोर लावून गिळायचं, मग परत एकदा कोरडं गिळायचं. दर वेळी अनुश्री म्हणते, "हनुवटी खाली, मग घोट."

हे वाचायला सोपं आहे. कप समोर आला की माझी मान आपोआप मागे जाते. आणि ओठ लावणं म्हणजे मला बाजारात उघडं उभं राहिल्यासारखं वाटतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, आमच्या घरात एकाचा पेला दुसऱ्याने तोंडाला लावला नाही. नवराबायकोनेही नाही. चहाला ओठ लावावाच लागतो, म्हणून माझा चहाचा कपसुद्धा वेगळ्या खुंटीला असायचा. मी अनुश्रीला विचारलं, कप नंतर चिंचेने घासायचा का? तिला निम्मंच कळलं, वनमालाला पूर्ण कळलं.

"घाबरू नका. तुमचं उष्टं प्यायले कोणी रांग लावून उभं नाही," ती म्हणाली. पूर्वीसारखी बोलली. मला फार बरं वाटलं.

३० डिसेंबर

आज वनमालाने माझ्यासमोर खाटेजवळ पाट टाकला आणि वरण-भात, वांग्याची भाजी जेवली. घरात फोडणी पडली. अनुश्रीने काल तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. मीराबाईंशी बिनसलं असावं, कारण आज दुपारी ती तिकडे गेलीच नाही.

ती जेवत होती, मी माझे घट्ट चमचे गिळत होतो. तिचा घास, माझा चमचा. आज सगळ्यांत जास्त चमचे गेले, एकदाही आवाज ओला आला नाही. वांग्याच्या वासाने लाळ सुटते, त्यामुळे असेल.

४ जानेवारी

आवाज सुधारतो आहे. आज म्हटलं, "पंखा बंद कर." तिने पंखा बंद केला. दोघंही थोडा वेळ पंख्याकडे पाहत राहिलो.

मान अजून कधी कधी मागे जाते. तेव्हा वनमाला तोंडाने काही बोलत नाही, फक्त स्वतःची हनुवटी खाली करते. मग माझीही जाते.

८ जानेवारी

कॅमेऱ्याचा दिवस. अनुश्रीने आधी हिरवं दही दिलं, मग हिरवं पाणी चमच्याने. मग कप दिला. "काका, घाई नाही."

हनुवटी खाली. कपाला ओठ. घोट.

या वेळी मी पडद्याकडे नीट पाहिलं, आणि तो गळा माझा आहे हे मान्य केलं. हिरवं पाणी आलं, काठावर थांबलं, व्हॉल्व्ह मिटला आणि पाणी पोटाच्या लायनीने निघून गेलं. मान सरळ ठेवून एक घोट दिला, तेव्हा थोडं चुकीकडे डोकावलं, आणि मला ठसका आला. अनुश्रीला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. "ठसका आला, सर, ठसका आला," असं तिने डॉक्टरांना दोनदा सांगितलं. माझा गळा आता बोंबलू लागला आहे.

पोटाची नळी रद्द. नाकातली नळी तिथेच काढली. पातळ घ्यायला परवानगी मिळाली, थोडं थोडं, हनुवटी खाली ठेवून, कोणीतरी समोर असतानाच. वरून पिणं जन्मभर बंद.

शिशिर बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं फोनवर बोलतो आहे. फोन खिशात होता.

९ जानेवारी

सकाळी वनमालाने चहा केला. पावडर न घातलेला, खरा, हलणारा. माझ्या कपात अर्धा ओतून आणला आणि समोर स्टूल घेऊन बसली.

"फार गरम नको म्हणाली होती ती," असं म्हणून तिने कप तोंडाला लावला आणि घोट घेऊन पाहिला. मग तिच्या लक्षात आलं. कप तसाच धरून ती माझ्याकडे पाहत राहिली. "थांबा," म्हणाली, "दुसरा कप आणते." उठायला लागली.

मी हात पुढे केला. "दे."

शब्द स्वच्छ निघाला. तिने दिला. ती जिथे प्यायली होती तिथे ओल दिसत होती. मी कप फिरवला नाही. हनुवटी खाली केली, ओठ लावले, घोट घेतला, जोर लावून गिळला, परत एकदा कोरडं गिळलं.

"'अ' म्हणा," ती म्हणाली.

मी म्हटलं. तिने मान कलती करून ऐकलं आणि कप माझ्या हातातून घेऊन स्वतः एक घोट प्यायली. मग मी घेतला. मग ती. अर्धा कप चहा आम्हाला बराच वेळ पुरला.